शाळेत संगीत शिक्षक व्हायचे आहे? विशारदच्या पुढची वाट

विशारद, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या परीक्षांतली वरची परीक्षा, पूर्ण झाली की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: आता शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागता येईल का? सरळ उत्तर असे की काही शाळांत येईल, काही शाळांत येणार नाही, आणि काही ठिकाणी शिकवायला मिळेल पण कायम पद मिळणार नाही. हा फरक कशामुळे पडतो ते आधी कळले, तर पुढची चार-पाच वर्षे कशावर खर्च करायची हे ठरवता येते.

वकिलाला सनद मिळते, डॉक्टरला नोंदणी क्रमांक मिळतो. महाराष्ट्रात शिक्षकाला असा एकच एक परवाना नसतो, आणि संगीत शिक्षकाला तर नाहीच. त्याची पात्रता वेगवेगळ्या दारांतून गोळा करावी लागते. तुम्हाला गाता किंवा वाजवता येते हे एक संस्था सांगते. शिकवण्याचे प्रशिक्षण झाले हे दुसरी सांगते. निवड चाचणी तिसरीकडे होते. आणि अनुदानित शाळेत नेमणूक झाल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळेपर्यंत ती नेमणूक पक्की होत नाही. या चारही गोष्टी एकमेकींची जागा घेत नाहीत. अलंकार ही विशारदच्याही पुढची परीक्षा झालेल्या माणसाला बी.एड.ची सूट मिळत नाही आणि बी.एड. झालेल्याला त्यामुळे सूर लागत नाही.

विशारद ही पदवी आहे का?

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून मिळणारी विद्या त्यांनी वर्गात आणली. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले तास, परीक्षा असा सगळा घाट होता. त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ही चालवला आणि गाणे शिकवणारी माणसे मुद्दाम तयार केली. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यांच्याच शिष्यांतली नावे. १९३१ मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. आज गावोगावच्या संगीत क्लासमधून मुले ज्या परीक्षांना बसतात, त्यांतल्या सर्वांत परिचित परीक्षा या मंडळाच्या.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या चढल्यावर माणूस विशारद होतो. वर्षाला एक पायरी धरली तर सात वर्षे. त्यापुढे अलंकार. सुरुवातीला भर प्रात्यक्षिकावर असतो, पुढे लेखी भाग वाढत जातो आणि राग, ताल, स्वरलिपी, इतिहास असा बराच मोठा आवाका होतो. या परीक्षांची प्रतिष्ठा मोठी आहे आणि ती कमावलेली आहे.

तरीही कायद्याच्या भाषेत विशारद ही पदवी नव्हे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे. मंडळ विद्यापीठ नाही. त्यामुळे विशारद ‘पदवीच्या तोडीची’ धरायची की नाही, हे नोकरी देणारा ठरवतो. एखादी संस्था आपल्या जाहिरातीत विशारद स्वीकारते, दुसरी सोबत बारावी मागते, तिसरीला कोणत्याही शाखेची पदवी आणि वर विशारद असे दोन्ही हवे असते. ‘विशारद म्हणजे बी.ए.च’ असे क्लासमध्ये कोणी सांगितले, तर ते ऐकून घ्यावे पण त्यावर नोकरीचा हिशेब मांडू नये. ज्या जागेसाठी अर्ज करायचा, तिच्या जाहिरातीतले अर्हतेचे वाक्य अक्षरशः वाचावे.

म्हणून बारावीतल्या मुलांना माझे सांगणे असते की विशारद सोडू नका, पण शेजारी विद्यापीठाची पदवी सुरू ठेवा. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ अशी ठिकाणे महाराष्ट्रात आहेत. गोव्यात पणजीचे गोवा संगीत महाविद्यालय आहे. छत्तीसगडमधल्या खैरागढला १९५६ पासून चालणारे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हे नावाप्रमाणेच पूर्ण विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथल्या पदवीला समकक्षतेचा प्रश्नच येत नाही.

बी.एड. आणि ‘अध्यापन विषया’ची अडचण

चित्रकला शिक्षक व्हायचे असेल तर महाराष्ट्रात एटीडी नावाची पदविका आहे. कला संचालनालयाच्या देखरेखीखाली तिचे अभ्यासक्रम चालतात. पोरगा बारावीनंतर तिकडे जातो आणि दोन वर्षांनी ‘कला शिक्षक’ म्हणून बाहेर पडतो. संगीताला इतकी रुळलेली वाट नाही. एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २०१४ च्या नियमावलीत सादरीकरण कलांच्या शिक्षणाची दोन वर्षांची पदविका घातली आहे. पण संगीत शिक्षक होण्याचा नेहमीचा रस्ता म्हणून ती आपल्याकडे रुजली नाही. २०२५ मध्ये एनसीटीईने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात कला शिक्षणाची शाखा जोडण्याचा मसुदा मांडला. तो नीट उभा राहिला तर आज नववीत असलेल्या मुलांना त्याचा उपयोग होईल. आजच्या उमेदवाराला मात्र बी.एड.चीच वाट धरावी लागते.

बी.एड. दोन वर्षांचे आहे. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि पदवीला खुल्या गटात किमान ५० टक्के लागतात. आत गेल्यावर खरी अडचण कळते. बी.एड.मध्ये तुम्ही शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती शिकता: मराठी, इतिहास, गणित, विज्ञान वगैरे. संगीत हा अध्यापन विषय म्हणून बहुतेक महाविद्यालयांत मिळत नाही. मग ज्याने निव्वळ संगीतात पदवी घेतली, त्याला कोणता विषय द्यायचा हा पेच पडतो.

यावर उपाय आधीच करून ठेवायचा असतो. बी.ए.ला संगीताबरोबर मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा इतिहास असा शाळेत शिकवला जाणारा एक विषय भक्कम ठेवा. याचा दुसरा फायदा पुढे कळतो. छोट्या शाळेत संगीताच्या तासिका पूर्ण आठवड्याला पुरत नाहीत, आणि ‘संगीतही घेईन, सहावीचे मराठीही घेईन’ असे म्हणू शकणाऱ्या उमेदवाराला मुख्याध्यापक आनंदाने घेतात.

बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. पाठ तुमच्या अध्यापन विषयाचे असतील, पण परिपाठ, स्नेहसंमेलन, समूहगीताची तयारी कुणीतरी करायचीच असते. ती मागून घ्या. पन्नास मुलांसमोर पेटी घेऊन उभे राहण्याचा सराव फुकटात मिळण्याची ती जवळजवळ एकमेव जागा आहे.

टीईटीबद्दल फार गोंधळ असतो, म्हणून थोडे स्पष्ट सांगतो. पहिली ते आठवीला विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला शिक्षक पात्रता परीक्षा लागते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, प्रत्येकी १५० गुण, आणि खुल्या गटाला ६० टक्के मिळवावे लागतात. या परीक्षेत संगीताचा पेपर नाही. एनसीटीईने २०१० मध्ये या इयत्तांसाठी किमान अर्हता ठरवल्या आणि २०११ मध्ये त्यात दुरुस्ती केली, तेव्हा कला शिक्षण, कार्यानुभव अशा विषयांच्या शिक्षकांसाठी राज्यांचे आणि संस्थांचे चालू नियम तसेच पुढे चालू ठेवले. म्हणजे निव्वळ संगीत शिक्षकाचे पद असेल तर त्या पदाचे नियम बघायचे. पण तुम्ही संगीताबरोबर सहावीचा इतिहासही घेणार असाल, तर टीईटीशिवाय गत्यंतर नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर आधीपासून सेवेत असलेल्या बहुसंख्य शिक्षकांनाही ती बंधनकारक केली आहे. द्यावी की न द्यावी असा विचार करत बसण्यापेक्षा देऊन मोकळे व्हावे. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.

पद कुठे असते आणि कुठे नसते

अनुदानित शाळेत किती शिक्षक असावेत हे शाळा ठरवत नाही. दरवर्षी पटसंख्येवरून संचमान्यता होते आणि मंजूर पदे त्यात ठरतात. मोठी, जुनी, शहरी शाळा असेल तर विशेष शिक्षकाचे पद असण्याची शक्यता असते. पण विशेष शिक्षकांत चित्रकला आणि शारीरिक शिक्षणाचा नंबर आधी लागतो, संगीत मागे राहते. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. तिच्या अनुसूची ‘ब’मध्ये शिक्षकांच्या अर्हता दिल्या आहेत. मुलाखतीला जाण्याआधी ती एकदा डोळ्यांखालून घालणे प्रत्येक उमेदवाराने स्वतःसाठी करावे.

पद मंजूर आहे, बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या क्रमवारीत) बसते आहे, निवड झाली, की प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेसाठी जातो. मान्यता मिळाली की शालार्थ, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक, आणि त्यानंतर सरकारी पगार. सुरुवातीची तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले आहे. भरती पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरती संकेतस्थळावरून होते आणि तिच्यासाठी ‘टेट’, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. टीईटी वेगळी, टेट वेगळी. पहिली पात्रतेची, दुसरी गुणवत्ता यादीची.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. संस्थेने तुम्हाला नेमणूकपत्र दिले, म्हणजे पद मंजूर आहे असा अर्थ होत नाही. ‘मान्यता येईल, तोवर शिकवत राहा’ या एका वाक्यावर कितीतरी चांगल्या गायकांची उमेदीची वर्षे गेली आहेत. रुजू होण्याआधी पद संचमान्यतेत आहे का हे लेखी विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ ने आणखी एक दार उघडले. सहावी ते आठवीला शंभरापेक्षा जास्त मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असे त्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. मनोदय चांगला, पण ‘अंशकालीन’ या शब्दाने पोट भरत नाही. शिवाय ‘कला’ म्हणजे चित्रकला असाच अर्थ सहसा घेतला जातो. अनुभव म्हणून ही कामे घ्यावीत, त्यावर संसार उभा करायला जाऊ नये.

केंद्रीय विद्यालयांत चित्र बरेच बरे आहे. तिथे प्राथमिक शिक्षक (संगीत) असे स्वतंत्र पद आहे. अर्हता अशी: बारावीला किमान ५० टक्के, मान्यताप्राप्त विद्यापीठाची संगीतातली पदवी किंवा समकक्ष, आणि हिंदी-इंग्रजीतून शिकवण्याची क्षमता. २०२२ च्या जाहिरातीत या पदाच्या ३०३ जागा देशभरासाठी होत्या. मूळ वेतन ३५,४०० पासून. नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते, आणि तिथल्या अर्हतेत गांधर्व मंडळाची विशारद, प्रयाग संगीत समितीची संगीत प्रभाकर अशा परीक्षांची नावे घेऊन उल्लेख असतो. मात्र नवोदय निवासी आहे. संध्याकाळ, रविवार, सण, सगळे मुलांबरोबर. ज्याला हे जमते त्याच्यासाठी याच्याइतकी सुंदर नोकरी मला दुसरी दिसत नाही, कारण मुले सहावीपासून तुमच्या हाताखाली असतात आणि रोज रियाजाला बसवता येतात.

सीबीएसई शाळांत २०१९ पासून पहिली ते बारावी कला शिक्षणाच्या आठवड्याला किमान दोन तासिका सक्तीच्या आहेत, आणि वरच्या वर्गांना हिंदुस्थानी संगीत हा परीक्षेचा विषयही घेता येतो. त्यामुळे खाजगी शाळांतून संगीत शिक्षकाला मागणी आहे. कागदांची कटकट कमी, निवड लवकर, पगार शाळेप्रमाणे. मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या काही शाळा पाश्चात्त्य संगीत शिकवणाराच मागतात. तिथे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या आठ ग्रेड विचारतात. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात, आणि अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात.

जे कोणत्याच परीक्षेत विचारत नाहीत

आता खरा मुद्दा. विशारदला तुम्ही यमन मांडता, ताना घेता, झपतालाची दुगुण हातावर दाखवता. बी.एड.ला पाठ टाचण काढता. पण पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पन्नास मुलांकडून एक गाणे सुरात कसे म्हणवून घ्यायचे, हे यांतले कोणीच विचारत नाही. ते स्वतःहून शिकावे लागते, आणि शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीवरची कोणती पट्टी ‘सा’ धरून गायचे याची. गायिका सहसा काळी चार-काळी पाचमध्ये गातात. तीच पट्टी वर्गात लावली तर मुलांचा षड्ज (सा) इतका खाली जातो की मधल्या सप्तकातले खालचे स्वर त्यांच्या घशात पुटपुटल्यासारखे येतात, आणि एक सप्तक वर न्यावे तर तार षड्जाला किंचाळावे लागते. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गातो, तेव्हा मुले त्याच्याच खर्जातल्या आवाजाची नक्कल करू बघतात आणि आवाज दाबून गातात. प्राथमिकच्या मुलांना सा पासून तार सा पर्यंत जाणारे गाणे पांढरी एक ते पांढरी दोनच्या आसपास सोपे जाते. पण ही खूणगाठ आहे, नियम नाही. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा, तो सगळ्या वर्गाला न ओरडता लागतो का बघा, आणि तिथून पट्टी ठरवा.

राष्ट्रगीताचेच घ्या. शेवटी येणाऱ्या ‘जय हे, जय हे, जय हे’मधला पहिला ‘जय हे’ तार षड्जाला टेकतो. सुरुवात उंच झाली तर तिथे मैदानभर आरडाओरडा ऐकू येतो. मुलांना राष्ट्रगीत म्हणता येत नाही असे नाही, त्यांना षड्ज चुकीचा दिलेला असतो. शिवाय पूर्ण राष्ट्रगीत ५२ सेकंदांत व्हायला हवे. दहा शाळांच्या परिपाठाला घड्याळ लावून बघा, कितीतरी ठिकाणी ते रेंगाळते. रोज सकाळी एक स्थिर लय आणि योग्य पट्टी देणे हे संगीत शिक्षकाचे सर्वांत दिसणारे काम आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाल्यावर त्यात आणखी भर पडली.

दुसरी गोष्ट आवाज फुटण्याची. सातवी ते नववीत मुलांचा आवाज बदलतो. काल समूहगीतात पुढे असणारा मुलगा आज स्वर लावायला घाबरतो. त्याला वगळू नका आणि जुन्या पट्टीत ताणायलाही लावू नका. खालच्या सप्तकात गाऊ द्या, मधल्या काळात तबल्यावर किंवा पेटीवर बसवा. या दोन वर्षांत एकदा ‘तुझा आवाज गेला’ असे ऐकलेली मुले पुन्हा कधी गात नाहीत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ‘बेसूर’ मुलांची. स्पर्धा जवळ आली की अशा मुलांना ‘नुसते ओठ हलव’ म्हणून सांगितले जाते. हे कोणत्याही शिक्षकाने करू नये. यातल्या बहुतेक मुलांना स्वर ऐकू येतो, पण तो आपल्या गळ्यात कुठे आहे हे सापडलेले नसते. कारण घरी कुणी गात नाही, आणि वर्गात ती नेहमी बोलण्याच्या आवाजातच गाण्याचा प्रयत्न करतात. अशा मुलाला सुरात गाणाऱ्या दोघांच्या मध्ये बसवा. आधी तो जो स्वर लावतो, तोच तुम्ही पेटीवर धरा, म्हणजे ‘जुळले’ हे कसे वाटते ते त्याला कळेल. मग तिथून एक-एक स्वर वर न्या. काही आठवड्यांत फरक पडतो. स्पर्धेतल्या ढालीपेक्षा हे काम मोठे आहे.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी. पेटी न बघता वाजवता आली पाहिजे, नाहीतर नजर पट्ट्यांवर राहते आणि मागचा बाक तुमच्या हातून जातो. भातखंडे आणि पलुस्कर, दोन्ही स्वरलिपी लिहिता-वाचता याव्यात. पहिली-दुसरीला पाच-सहा स्वरांत फिरणारी गाणी निवडावीत. ताल आधी टाळ्यांनी आणि पायांनी, तोंडी बोल नंतर.

ज्या शाळांना निवड खरोखर करायची असते, त्या मुलाखतीत वर्गावर नमुना पाठ घ्यायला सांगतात. तिथे उमेदवार हमखास एखादा बडा राग सुरू करतात, मुले पाचव्या मिनिटाला चुळबुळ करू लागतात. त्याऐवजी एक छोटे गाणे घ्या, चारच ओळींचे. पट्टी मुलांना विचारून ठरवा. पहिली ओळ तुम्ही म्हणा, मग त्यांच्याकडून म्हणवून घ्या, टाळी जोडा, अर्धा वर्ग गाईल आणि अर्धा ठेका धरेल असे करा. शेवटी एकदा तुम्ही गप्प राहा आणि मुलांना एकट्याने म्हणू द्या. फायलीत प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची प्रत्येक गुणपत्रिका मुळात आणि दोन प्रतींत ठेवा. पडताळणीच्या वेळी मधल्याच एखाद्या परीक्षेचा कागद मागतात.